कंडेन्सिंग बॉयलरखाली पाणी दिसलं, तर? हॉटेल मेंटेनन्समध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

आपल्याकडे गोव्यात घर गरम करायला बॉयलर लागत नाही. न्हाणीत गीझर असला की झालं. गावच्या कितीतरी घरांत आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच्या भाणातच तापतं. त्यामुळे म्हापसा, डिचोली किंवा फार्मागुडीच्या आयटीआयतून प्लंबर नाहीतर फिटर होऊन बाहेर पडलेल्यांना कंडेन्सिंग बॉयलर पहिल्यांदा दिसतो तो थेट किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलच्या प्लांट रूममध्ये. आणि त्याच्याशी ओळख होते ती बहुधा खाली साचलेल्या पाण्यामुळे.

साध्या पाइपलाईनची गळती शोधताना एकच प्रश्न असतो, पाणी कुठून येतं? इथे त्याच्याआधी दुसरा प्रश्न विचारायचा: हे पाणी कुठलं? कारण हा बॉयलर चालता चालता स्वतः पाणी तयार करतो. गॅस जळल्यावर धुरात वाफ असते. जुना बॉयलर ती धुराड्यातून सोडून देतो. कंडेन्सिंग बॉयलर मात्र लाईनमधून फिरून गार होऊन आलेल्या परतीच्या पाण्याने धूर इतका थंड करतो की त्या वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता आपल्या कामाला येते. परतीचं पाणी साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच हे घडतं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. १०० किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरावर तासाला सात किलोच्या आसपास गॅस घेतो, म्हणजे सगळी वाफ थंडावली तर अकरा लिटर पाणी. प्रत्यक्षात त्याहून कमी निघतं, पण बादलीत मोजण्याइतकं निघतंच. हे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, नळीतून गटारात जात असेल तर ती गळती नव्हे. जमिनीवर आलं तर ती गळती.

एक मर्यादा आधीच सांगतो. हा लेख १०० अंशांच्या खाली पाणी तापवणाऱ्या बॉयलरपुरता आहे. लाँड्रीतला स्टीम बॉयलर वेगळा. तो बॉयलर कायद्याखाली येतो, त्याची तपासणी सरकारी निरीक्षक करतात आणि त्याला पात्र अटेंडंटशिवाय कोणी हात लावायचा नसतो.

आधी हे जमवा

हत्यारं: दोन पाइप पाने, रिंग पान्यांचा सेट, पकड, टेस्टर, चांगली बॅटरी, दाढीच्या आरशासारखा लांब दांड्याचा आरसा, टायरची हवा मोजायचा गेज, पायाने मारायचा हवेचा पंप, पीएच मोजायच्या पट्ट्या, बादली, सुती फडकी आणि रद्दी वर्तमानपत्रं. रद्दी विसरू नका, तिचं काम पुढे येतं.

सामान: टेफ्लॉन टेप, युनियनचे वॉशर, त्या मॉडेलच्या ओ-रिंगचा सेट, सिलिकॉन ग्रीस.

कागद: कंपनीचं मॅन्युअल, लाईनचं ड्रॉइंग, बॉयलर बसवला तेव्हाचा कमिशनिंग रिपोर्ट, वॉरंटी, मागच्या सर्व्हिसच्या नोंदी, प्लांट रूमचं लॉगबुक आणि चीफ इंजिनीअरची कामाची लेखी परवानगी. कमिशनिंग रिपोर्ट बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या कपाटात खाली दडपलेला असतो. तो शोधा. बॉयलर नवा असताना प्रेशर किती ठेवलं होतं, एक्स्पान्शन टाकीत हवा किती भरली होती, हे आकडे त्यातच मिळतात. पुढची अर्धी कामं त्या आकड्यांवर अवलंबून आहेत.

१. बंद करा आणि थांबा

बर्नर बंद, पॅनेलचा एमसीबी खाली, त्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी, बॉयलरचा गॅस कॉक बंद. गॅसचा वास आला तर स्विचला हातच लावू नका. बाहेर पडा आणि गॅस बँकेवरून मुख्य कॉक बंद करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तळघरातल्या प्लांट रूममध्ये तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतो.

मग पाणी चाळीस अंशांखाली येईपर्यंत काहीही खोलू नका. हाउसकीपिंगचे फोन येत राहतील. येऊ द्या. ८० अंशांचं पाणी हातावर पडलं की कातडी सोलते.

२. पाणी कुठलं, ते ओळखा

वाट बघायचा वेळ फुकट घालवू नका. खालची जमीन पुसून कोरडी करा आणि वर्तमानपत्र पसरा. थेंब कुठे पडतो ते कागदावरच्या डागावरून अचूक कळतं. ओल्या फरशीवर ते कधीच कळत नाही, कारण पाणी उतार धरून लांब जातं. आता वर बघा. थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असंही नाही. पाणी पाइपच्या पोटाखालून सरकत येऊन क्लॅम्पपाशी टपकतं. तांब्याच्या पाइपवरचे हिरवट डाग, सांध्यावरची पांढरी पापडी, लोखंडावर गंजाची ओघळ हे सगळे माग आहेत. पुसण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

मग थोडं पाणी वाटीत घेऊन पीएचची पट्टी बुडवा. कंडेन्सेट आंबट असतं, पीएच साधारण ३ ते ५. लाईनमधलं पाणी ७ च्या आसपास किंवा थोडं वर, आणि त्यात गंजरोधक औषध घातलं असेल तर बहुतेकदा रंगावरूनही ओळखू येतं. या पट्टीला दोन मिनिटं लागतात आणि तिच्यामुळे अर्धा दिवस वाचतो. तरी ती वापरताना फार कमी लोक दिसतात.

गोव्यातला खास घोटाळा इथेच होतो. युरोपात बनलेल्या मॅन्युअलांत लिहिलेलं असतं की थंड पाण्याच्या पाइपला घाम सुटतो, त्याला गळती समजू नका. आपल्या टाकीतलं पाणी पंचवीस-सत्तावीस अंशांच्या खाली क्वचितच जातं, त्यामुळे आपल्या इनलेट पाइपला घाम सुटत नाही. घाम सुटतो तो एसी प्लांटच्या चिल्ड वॉटर लाईनला. त्या लाईनमध्ये सात-आठ अंशांचं पाणी असतं आणि बऱ्याच हॉटेलांत ती बॉयलरच्या डोक्यावरूनच जाते. जुलैत तिचं इन्सुलेशन कुठेतरी फाटलेलं असलं की बॉयलरवर दिवसभर थेंब पडत राहतात आणि सगळे बॉयलर खोलत बसतात. म्हणून आधी डोक्यावरच्या त्या लाईनवर हात फिरवा.

फक्त पावसाच्या दिवशीच पाणी दिसत असेल तर धुराड्याकडे जा. किनाऱ्यावर पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. धुराड्याच्या तोंडाची टोपी गंजून पडली असेल किंवा भिंतीतल्या भोकाचं सील गेलं असेल तर पाणी आत शिरतं. कंडेन्सिंग बॉयलरच्या आडव्या धुराड्याचा उतार साधारणपणे बॉयलरकडे असतो, कारण धुरातलं पाणी परत ट्रॅपमध्ये, म्हणजे कंडेन्सेटच्या नळीवरच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, यायला हवं. तो उतार ‘चुकलाय’ असं समजून बाहेरच्या बाजूला करणारे मिस्त्री आहेत. त्यांना वेळीच थांबवा.

३. काट्याची चाचणी

पाणी लाईनचं निघालं, पण बॉयलरमधून गळतंय की बाहेरच्या पाइपातून, ते कळत नाही? सगळं पूर्ण थंड झाल्यावर फ्लो (गरम पाणी नेणारा पाइप) आणि रिटर्नचे (परत आणणारा पाइप) वॉल्व्ह बंद करा. पाणी भरायचा वॉल्व्हही बंद करा. बॉयलरच्या प्रेशर गेजच्या काट्याचा आणि लाईनच्या काट्याचा फोटो काढा. काही तासांनी पुन्हा बघा. ज्या बाजूचा काटा उतरला, गळती त्या बाजूला.

यात दोन खोड्या आहेत. पाणी गरम असताना चाचणी सुरू केली तर गळती नसतानाही काटा खाली येतो. आणि वॉल्व्ह जुना होऊन पास होत असेल, म्हणजे बंद करूनही पाणी सोडत असेल, तर दोन्ही काटे एकत्र उतरतात. वॉल्व्ह बंद असताना बर्नर चुकूनसुद्धा चालू करायचा नाही. म्हणून एमसीबीवरची पाटी अजून काढायची नाही.

४. सेफ्टी वॉल्व्ह ठिबकतोय

सर्वांत जास्त वेळा हेच दिसतं आणि सर्वांत जास्त चुकीचं कामही इथेच होतं. वॉल्व्ह ठिबकला की वॉल्व्ह बदलायचा, नवा ठिबकला की पुन्हा बदलायचा. बिचारा वॉल्व्ह आपलं काम करत असतो. त्याच्या मागे प्रेशर का वाढतं, ते शोधा. लहान यंत्रांत हा वॉल्व्ह बहुधा ३ बारला उघडतो. मोठ्यांत किती, ते वॉल्व्हवरच कोरलेलं असतं.

आधी एवढंच बघा: प्रेशर गरम असताना वाढतं, की थंड असतानाही?

फक्त गरम असताना वाढत असेल तर एक्स्पान्शन टाकी तपासा. पाणी २७ वरून ८० अंशांवर गेलं की सुमारे अडीच टक्क्यांनी फुगतं. लाईनमध्ये ४०० लिटर पाणी असेल तर दहा लिटर जास्तीचं. ते टाकीतल्या रबरी पडद्यामागच्या हवेला दाबून जागा करतं. हवा गेली असेल किंवा पडदा फाटला असेल तर जागाच उरत नाही. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबा. हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, टाकी किंवा पडदा बदलावा लागेल. हवा आली तर तिचं प्रेशर मोजा, पण टाकीची पाण्याची बाजू रिकामी करून, तिथला काटा शून्यावर आणून. पाणी दाबत असताना गेज लावला तर पाण्याचंच प्रेशर वाचाल आणि ‘टाकी ठीक आहे’ असं लिहून मोकळे व्हाल. हवा किती हवी? लाईनच्या सर्वांत उंच टोकापर्यंत दर १० मीटरला १ बार, वर थोडं. कमिशनिंग रिपोर्टमधला आकडा त्याच्याशी ताडून बघा आणि पायपंपाने तेवढी भरा.

थंड असतानाही, रात्रीतून, हळूहळू प्रेशर चढत असेल तर कुठून तरी पाणी आत येतंय. पहिला संशय पाणी भरायच्या वॉल्व्हवर. तो नीट बंद होत नसतो. दुसरा संशय गरम पाण्याच्या टाकीतल्या कॉइलवर किंवा प्लेट एक्स्चेंजरवर, म्हणजे जिथे बॉयलरचं पाणी खोल्यांच्या पाण्यात न मिसळता त्याला तापवतं तिथे. खोल्यांकडे जाणाऱ्या पाण्यामागे बूस्टर पंप असतो, त्याचं प्रेशर बॉयलरच्या लाईनपेक्षा जास्त असतं. कॉइलला सुईएवढं भोक पडलं तरी ते पाणी बॉयलरच्या लाईनमध्ये घुसतं आणि शेवटी सेफ्टी वॉल्व्हमधून बाहेर पडतं. भोक टाकीत आणि थेंब बॉयलरपाशी! भरायची लाईन सोडवून वेगळी करा. तरीही काटा चढला तर कॉइल.

दोन्ही ठीक असेल तरच वॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकलाय असं समजा. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे एकदा उघडून धुऊन बघा, नाहीतर त्याच आकड्याचा नवा बसवा. वॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलेलं दिसलं तर ते काढल्याशिवाय बॉयलर चालू करू नका. कोणी मारलं ते नंतर बघू.

५. कंडेन्सेटची नळी आणि ट्रॅप

पाणी आंबट निघालं तर इकडे या. ट्रॅप तुंबला की पाणी मागे चढतं, बॉयलरमधून गुडगुड आवाज येतो, बर्नर लॉकआउटला जातो (आपोआप बंद पडतो) किंवा बुडाच्या सांध्यातून पाणी बाहेर येतं. मॅन्युअलमधलं गोठलेल्या नळीचं पान उलटा, ते आपल्यासाठी नाही. आपल्याकडे नळी तुंबते ती शेवाळाच्या लिबलिबीत थराने, मुंग्यांनी आणि नळीच्या बाहेरच्या तोंडात मातीचं घर करणाऱ्या कुंभारीण माशीने. ट्रॅप सोडवा, साध्या पाण्याने धुवा, नळीत बादलीभर पाणी सोडून ते पलीकडे निघतं का बघा.

नळी प्लास्टिकचीच हवी, यूपीव्हीसी किंवा तत्सम. तांब्याची किंवा जीआयची लावली असेल तर ती आम्लाने खाल्ली जाणारच. उतार मीटरला साधारण पाच सेंटीमीटर, मध्ये कुठेही झोळ नको. वाटेत चुनखडीचे खडे भरलेला डबा असतो, आम्ल मारण्यासाठी. ते खडे झिजून संपतात, तेव्हा भर घाला.

आता जीवाशी गाठ असलेली गोष्ट. ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणूनच धूर नळीवाटे खोलीत येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, दोनातला एक बॉयलर जूनपासून बंद. चवथ होऊन ऑक्टोबर उजाडतो तोवर ट्रॅप सुकून कोरडा झालेला असतो. तसाच बॉयलर पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड प्लांट रूममध्ये येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. सीझनला बॉयलर सुरू करण्याआधी ट्रॅप पाण्याने भरायचा, हे लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

६. सांधे, ओ-रिंग, पंप

ही कामं तुमच्या हातची आहेत, फार लांबवत नाही.

युनियन ठिबकत असेल तर नुसतं आवळून बघण्यापेक्षा खोलून वॉशर बदला. आट्याचा सांधा असेल तर जुनी टेप पूर्ण खरवडून काढा आणि नवी आट्याच्या दिशेने गुंडाळा. दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर पलीकडचा चांगला सांधा ढिला होतो. ओ-रिंग त्या मॉडेलचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली ‘हीच बसेल’वाली बसते, पण टिकत नाही. गरम पाण्यासाठी बहुधा ईपीडीएम रबर असतं. त्याला पेट्रोलियमचं ग्रीस लावलं की ते फुगून मऊ पडतं, म्हणून सिलिकॉन ग्रीसच वापरा. एअर व्हेंटच्या टोपीखालून पाणी येत असेल तर तो बदला, दुरुस्तीत वेळ घालवण्याएवढा तो महाग नसतो. पंपाच्या सीलमधून पाणी येत असेल तर पंपाखालची वायर आणि पॅनेल आधी झाका.

किनाऱ्यावर खारी हवा सगळं खाते. क्लॅम्प आणि बोल्ट स्टेनलेसचे लावा.

लाईनमध्ये ओतायचं ‘लिकेज बंद करणारं’ औषध कोणी सुचवेल. माझं मत विचाराल तर नको. ते गळतीच्या भोकात कमी आणि बॉयलरच्या एक्स्चेंजरच्या (धुराची उष्णता पाण्याला देणारा भाग) बारीक वाटांत, पंपात आणि एअर व्हेंटमध्ये जास्त अडकतं.

७. इथे हात थांबवा

बर्नर बंद करून बॉयलर पूर्ण थंड झाला, तासाभरानंतरही कंडेन्सेटच्या नळीतून थेंब चालूच आहेत आणि लाईनचं प्रेशर उतरतंय. म्हणजे एक्स्चेंजर आतून फुटलाय. त्याआधी एकच गोष्ट तपासा: सेफ्टी वॉल्व्हची नळी त्याच कंडेन्सेट नळीत कोणी जोडलेली नाही ना? तसं जोडकाम सर्रास दिसतं आणि निदान चुकवतं.

एक्स्चेंजर वेल्डिंग करून चालवायची वस्तू नाही. आणि ज्वलनाचा सीलबंद भाग उघडला की तो परत बंद केल्यावर धुराचं विश्लेषण यंत्राने करावं लागतं. ते यंत्र आणि प्रशिक्षण कंपनीच्या माणसाकडे असतं, म्हणून तो भाग त्याचाच.

पण तो कशामुळे फुटला, हे तुम्ही शोधू शकता. दोन कारणं मला पुन्हा पुन्हा दिसली आहेत. पहिलं, बाजूच्या खोलीत पूलचं क्लोरीन किंवा लाँड्रीचं ब्लीच ठेवलेलं. बॉयलर जळणासाठी तीच हवा ओढतो, धुरातल्या पाण्यात क्लोरीन उतरतं आणि आतला धातू खातं. स्टेनलेससुद्धा सुटत नाही. डबे दुसरीकडे हलवा. दुसरं, महिनोन्महिने रोज सकाळी ‘थोडं पाणी भरून’ काटा जागेवर आणणं. बंद लाईनमध्ये तेच पाणी फिरत राहिलं तर त्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि गंज थांबतो. रोज ताजं पाणी म्हणजे रोज ताजा ऑक्सिजन. एप्रिल-मे महिन्यांत टँकरचं पाणी आलं की क्षारही वाढतात. छोटी गळती खपवून घेत भरत राहिलं की ती मोठी होते, आणि तीही सर्वांत महागड्या पार्टमध्ये. भरायच्या लाईनवर एक साधा पाण्याचा मीटर बसवून घ्या. चीफ ‘कशाला’ म्हणतील, त्यांना एक्स्चेंजरचं कोटेशन दाखवा.

८. भरणं आणि पुन्हा चालू करणं

पाणी सावकाश भरा, हवा काढत काढत. काटा कमिशनिंगच्या आकड्यावर आणा, औषध घालायचं असेल तर आत्ताच. ट्रॅप भरलेला आहे ना, ते बघा. वर्तमानपत्र पुन्हा पसरा. बर्नर चालू करून पूर्ण तापमानापर्यंत न्या, मग थंड होऊ द्या. काही सांधे गरम असताना बंद राहतात आणि थंड झाल्यावर ठिबकतात, म्हणून फक्त गरम असताना बघून हँडओव्हर देऊ नका. पुढच्या शिफ्टला कागद कोरडा आहे का ते बघायला सांगा आणि लॉगबुकमध्ये थंड असतानाचं प्रेशर, गरम असतानाचं प्रेशर, पाण्याचा पीएच आणि मीटरचा आकडा लिहा.

कंपनीच्या इंजिनीअरला बोलवायची वेळ आली तर फोनवर ‘बॉयलर गळतोय’ एवढंच सांगू नका. नेमप्लेटचा फोटो, पीएचच्या पट्टीचा फोटो, बंद असतानाच्या काट्यांचे दोन फोटो आणि वर्तमानपत्रावरच्या डागाचा फोटो पाठवा. म्हणजे तो पार्ट घेऊनच येतो. नाहीतर त्याची पहिली फेरी नुसती बघण्यात जाते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरी मिळत नाही.